ड्रॉइंग संपतं कुठे?

"सर, पार्ट तोच आहे. मटेरियल तेवढं बदललंय, एबीएसऐवजी पीपी. बाकी सगळं सेम."

भोसरीत किंवा चाकणला प्लास्टिकचे मोल्ड बनवणाऱ्या वर्कशॉपमधून डिझायनरला असा फोन येतो, आणि तो हटकून शनिवारी संध्याकाळी येतो. बोलणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नसतं. त्याच्या ग्राहकाने एक ओळ बदलली, ती त्याने पुढे सांगितली. पण वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये थंड होताना आकसतं, आणि प्रत्येक प्लास्टिकचं आकसणं वेगळं. एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन दीड टक्क्याच्या आसपास, ग्रेडप्रमाणे कमी-जास्त. तयार पार्ट २०० मिलिमीटर लांब हवा असेल तर एबीएससाठी कॅव्हिटी, म्हणजे मोल्डमधली पोकळी, २०१ मिलिमीटरची लागते, पीपीसाठी २०३ ची. शिवाय पीपी ज्या दिशेने वाहतं त्या दिशेला आणि तिच्या आडव्या दिशेला सारखं आकसत नाही, म्हणून पार्ट वाकायला बघतो. मग गेटची जागा पुन्हा तपासा, कूलिंगच्या लाइनी पुन्हा काढा, त्या लाइनींच्या आड इजेक्टर पिना येतात का ते पाहा, इन्सर्टची मापं सुधारा, आणि शेवटी सगळ्या शीट नव्या रिव्हिजन नंबरने पुन्हा काढा. सॉफ्टवेअरमध्ये आकसण्याचा आकडा बदलायला मिनिटभर लागतं. बाकीच्याला तीन-चार दिवस जातात.

कंपनीत पगारावर असलेला डिझायनर हा निरोप ऐकून कुरकुरतो, चहा पितो आणि कामाला लागतो. त्याचा महिना भरणारच आहे. अख्ख्या मोल्डचं डिझाईन एकरकमी ठरवून घेतलेल्या माणसाच्या खिशातून मात्र ते तीन-चार दिवस जातात. पैसे मागावेत तर "एवढ्याशा बदलाचे कसले पैसे?" आणि न मागावेत तर पुढच्या वेळी बदल दोन होतात.

नोकरी की स्वतःचं काम, हा विषय निघाला की आपल्याकडे एक बाजू स्थैर्याचं नाव घेते, दुसरी स्वातंत्र्याचं. यांत्रिक डिझाईनपुरता तरी हा वाद मला वरवरचा वाटतो. खरा फरक वरच्या फोनमध्ये आहे. नोकरदार आपला वेळ विकतो. फ्रीलान्सर पुरं झालेलं काम विकतो, आणि ते काम पुरं कधी झालं हे ठरवणं हीच या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पैशाचे बहुतेक तंटे तिथूनच सुरू होतात.

रोनाल्ड कोझ या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९३७ मध्ये 'द नेचर ऑफ द फर्म' नावाचा निबंध लिहिला. बाजार जर इतका कार्यक्षम असेल तर कंपन्या असतातच कशाला, असा त्याचा प्रश्न होता. रोज सकाळी लागेल तो माणूस बाजारातून ठरवून आणावा आणि संध्याकाळी हिशेब मिटवावा. कोझचं उत्तर असं की बाजारात जाणंही फुकट नसतं. माणूस शोधायचा, घासाघीस करायची, करार लिहायचा, आणि त्यात काय राहिलं यावर पुन्हा भांडायचं. हा खर्च जिथे फार होतो तिथे माणूस पगारावर ठेवणं स्वस्त पडतं. १९९१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच्या मुळाशी हाच विचार होता.

कोणतं डिझाईन कंपनीच्या आत राहतं आणि कोणतं बाहेर जातं हे या चष्म्यातून बरंच स्पष्ट दिसतं. नवीन गिअरबॉक्सचं काम कोणी एका माणसाला घरी नेऊ देत नाही. त्यात रोज दहा विभागांशी बोलावं लागतं, आणि काय हवंय हे कंपनीला स्वतःलाही निम्मं काम झाल्यावर कळतं. याउलट मशीनिंगचं फिक्श्चर, म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवणारं साधन, घ्या. पार्टचं ड्रॉइंग हातात असतं, मशीनच्या टेबलाची मापं ठरलेली असतात, पार्टला किती सेकंद मिळणार तेही सांगितलेलं असतं. पार्ट बसवण्याचा नियम तर जुनाच आहे: एका पृष्ठभागावर तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक. या सहा बिंदूंनी पार्ट जागेवर बसतो, आणि मग क्लॅम्पने तो दाबून धरायचा. काय हवंय ते एका कागदावर मावतं, म्हणून असं काम बाहेर देता येतं. फिक्श्चर, गेज, प्रेस टूल, जुन्या कागदी ड्रॉइंगवरून थ्रीडी मॉडेल, डिटेलिंगच्या शीट, हीच फ्रीलान्सरची नेहमीची रोजीरोटी.

पुणे परिसरात ही मंडळी इतकी का, याचं उत्तर जुन्या टूलरूममध्ये आहे. १९६० च्या दशकात टेल्को पिंपरी-चिंचवडला आली ती आधी मशीन टूल विभाग आणि प्रशिक्षण विभाग घेऊन. पाठोपाठ आजूबाजूला लहान वर्कशॉप उभी राहिली. मोठ्या कारखान्यात शिकलेला माणूस बाहेर पडून भोसरीत गाळा घेतो, डिझाईनसाठी जुन्या सहकाऱ्याला रात्री घरी बोलावतो, आणि काही वर्षांनी तो सहकारीही नोकरी सोडतो, असा तो क्रम. कोल्हापूरला फाउंड्रींच्या पॅटर्नभोवती हेच दिसतं, आणि छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या वाहन-भागांच्या कारखान्यांभोवतीही.

आता पैसे. समजा एखाद्याचा सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर येणारा एकूण खर्च, वर्षाला १२ लाख आहे. २५० दिवस, रोज आठ तास, म्हणजे २,००० तास. तासाला ६०० रुपये पडले. हा माणूस नोकरी सोडतो आणि मोठ्या धाडसाने तासाला ७०० रुपये दर सांगतो. इथेच पाय घसरतो. बाहेर पडल्यावर त्याच २,००० तासांत ग्राहक शोधणं, कोटेशन करणं, भोसरी-चाकण फेऱ्या, बिलांचा पाठपुरावा आणि मध्येच कॉम्प्युटर बंद पडणं हे सगळं येतं. ज्यांचे पैसे लावता येतात असे तास १,२०० उरले तरी नशीब म्हणायचं. त्यात सॉफ्टवेअर, वर्कस्टेशन, वीज, कुटुंबाचा आरोग्य विमा मिळून वर्षाला अडीच लाख धरा. साडेचौदा लाखांना १,२०० ने भागलं की तासाला १,२०० च्या वर जातं. हे आकडे मी मानलेले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत, पण दर पगाराच्या दुपटीच्या आसपास निघतो. ग्राहकाला तो महाग वाटतो, कारण तो आपल्या नोकरदार डिझायनरच्या हातात पडणाऱ्या पगाराशी त्याची तुलना करतो. त्या डिझायनरची खुर्ची, लायसन्स आणि रिकामे दिवस त्याच्या डोळ्यांसमोर नसतात.

नोकरदारानेही सीटीसीच्या आकड्यावर फार भाळू नये. त्या कागदावर ग्रॅच्युइटी म्हणून मूळ पगाराच्या ४.८१ टक्क्यांची एक ओळ असते. वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, अशा सूत्रातून ती निघते. कायम नोकरीत असलेला माणूस पाच वर्षांच्या आत बाहेर पडला की ती ओळ कागदावरच राहते. दर तीन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्या डिझाईन इंजिनिअरने हे पैसे पगार म्हणून मोजायचे आणि बघायचे कधीच नाहीत.

कराच्या बाबतीत फ्रीलान्सरचं बरं चाललंय म्हणायला हरकत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ४४एडीए या कलमाने ओळखली जाणारी सोय अभियांत्रिकी व्यवसायालाही लागू झाली. एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवली की खर्चाच्या वह्या ठेवण्याची कटकट नाही. मर्यादा ५० लाखांची होती. रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ती पुढे ७५ लाखांवर गेली. जीएसटी मात्र टोचतो. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी आली आणि बिलावर १८ टक्के. सेवा देणाऱ्याला बिल काढलं की कर देय होतो, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे जुलैत बिल केलं, ग्राहक म्हणाला दिवाळीला बघू, तरी दरमहा रिटर्न भरणाऱ्याला २० ऑगस्टपर्यंत त्या न आलेल्या पैशांवरचा कर आपल्या खिशातून भरावा लागतो.

आणि बिलं अडकतात, हे या धंद्यातलं रोजचं दुखणं आहे. "साहेब बाहेरगावी आहेत", "अकाउंट्सला पाठवलंय", "आमच्या कस्टमरचं पेमेंट आलं की लगेच", ही वाक्यं प्रत्येक फ्रीलान्सरला पाठ असतात. शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, कारण ते बऱ्याचदा खरं असतं. कायदा कागदावर भक्कम आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कराराने ठरलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. एकट्याने घरून चालवलेलं डिझाईनचं कामही सेवा उद्योग म्हणून यात बसतं. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे, राज्यात फॅसिलिटेशन कौन्सिल आहेत.

पण तक्रार केली की तो ग्राहक गेला. आणि भोसरीसारख्या ठिकाणी चार गाळे सोडून पाचव्या गाळ्यातही बातमी पोचते. म्हणून आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालेली प्राप्तिकर कायद्यातली ४३बी(एच) ही तरतूद मला जास्त कामाची वाटते. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी कर मोजताना वजा करता येत नाही. पैसे देईल त्या वर्षीच वजा होतो. इथे फ्रीलान्सरला कोणाच्या अंगावर जावं लागत नाही. मार्च आला की ग्राहकाचा सीए त्याच्या मानेवर बसतो.

कायद्याआधीही काही उपाय असतात, आणि मुरलेले लोक तेच वापरतात. पीओबरोबर, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरबरोबर, अ‍ॅडव्हान्स, डिझाईन मंजूर झालं की दुसरा हप्ता, डिटेल ड्रॉइंग सोडताना तिसरा. मंजुरीसाठी पीडीएफ आणि स्टेप फाईल पाठवायची. जिच्यात फीचर उघडून बदल करता येतात ती मूळ फाईल शेवटचे पैसे आल्यावर. कोटेशनमध्ये 'डिझाईन फ्रीझ' नावाची एक तारीख टाकायची आणि त्यापुढचे बदल तासाच्या दराने. पार्टच्या ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर आणि मटेरियलचं नाव ग्रेडसकट कोटेशनवर लिहायचं. एवढं केलेलं असेल तर शनिवारच्या फोनला उत्तर देताना आवाज चढवावा लागत नाही. "कोटेशनचा मुद्दा चार बघता का, सर?" एवढं पुरतं. गंमत म्हणजे नोकरीत दहा वर्षं काढलेल्या उत्तम डिझायनरलाही हे चार मुद्दे लिहिता येत नाहीत, कारण तिथे हे काम मार्केटिंगवाले करत असतात आणि आपण त्यांना नावं ठेवत असतो.

सॉफ्टवेअरचा विषय लोक दबक्या आवाजात बोलतात. ऑफिसात लायसन्सची चिंता आयटी विभागाची. घरी ती आपली. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं आणि भाड्याची पद्धत रुळली, त्यामुळे हा एकदाचा खर्च न राहता दरवर्षीचा झाला. क्रॅक केलेली आवृत्ती वापरणारे बरेच आहेत. कॉपीराइट कायद्याचं ६३बी कलम जाणूनबुजून केलेल्या अशा वापराला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगतं, हे त्यातल्या किती जणांना माहीत आहे कोण जाणे. आजची कॅड सॉफ्टवेअर इंटरनेटवरून कंपनीशी बोलतात, त्यामुळे नोटीस घरी यायला वेळ लागत नाही. ज्याला सुरुवातीला झेपत नाही त्याने फ्रीकॅड शिकावं. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली. फिक्श्चरच्या कामाला ते चालतं. गुंतागुंतीच्या मोल्डला मात्र हात आखडतात.

ड्रॉइंग कोणाच्या मालकीचं, हा प्रश्न ग्राहकाच्या मनात येतही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना नोकरीच्या कामासाठी काढलेल्या ड्रॉइंगचा पहिला मालक म्हणजे मालकच, वेगळं ठरलं नसेल तर. स्वतंत्र डिझायनरने काढलेल्या ड्रॉइंगचा पहिला मालक मात्र तो डिझायनर. हक्क लेखी लिहून दिले तरच ते ग्राहकाकडे जातात. बहुतेक पीओच्या मागच्या बारीक अक्षरात ते लिहून घेतलेले असतात आणि कोणी वाचत नाही. शिवाय डिझाईन म्हणून नोंदवता येण्यासारखी पण न नोंदवलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वेळा बनली की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो, असंही त्याच कायद्याचं १५ वं कलम सांगतं. एलएनजी वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रॉइंगवरून हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ही रेषा कशी ओढायची ते न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं.

सर विश्वेश्वरय्यांचं उदाहरण या संदर्भात आठवतं. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना त्यांनी खडकवासल्याला पुराचं पाणी चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले आणि १९०३ च्या सुमाराला त्यांचं पेटंट घेतलं. सरकारी नोकर म्हणून केलेल्या कामाची रॉयल्टी मात्र त्यांनी नाकारली, असं सांगितलं जातं. पुढे नोकरी सोडल्यावर हैदराबादच्या निजाम सरकारने १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर सल्लागार म्हणून त्यांना बोलावलं, आणि ते काम करून लगेचच ते म्हैसूर संस्थानात पुन्हा पगारी मुख्य अभियंता झाले. पोहत पलीकडे जाऊन परत येता येतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

नोकरी आणि फ्रीलान्सिंग या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा घोळका आहे. कंपनीच्या आवारात बसायचं, कंपनीचा लॅपटॉप वापरायचा, कंपनीच्या वेळा पाळायच्या, पण पगार तिसऱ्याच एजन्सीकडून घ्यायचा किंवा दरमहा 'प्रोफेशनल फी'चं बिल द्यायचं. असा माणूस धड फ्रीलान्सर नाही आणि धड नोकर नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकात सौराष्ट्रातल्या मिठागरांच्या खटल्यात, काम कसं करायचं हे सांगण्याचा हक्क कोणाकडे आहे ते पाहा, अशी कसोटी लावली आणि कंत्राटदार म्हणवले गेलेले, मिठागरात राबणारे अगरिया हे कामगार ठरवले. १९७० च्या दशकात शिवणकाम करणाऱ्यांच्या खटल्यात त्यात भर पडली: यंत्र कोणाचं तेही पाहा. अमेरिकेत तर १९८६ च्या कर कायद्याच्या १७०६ व्या कलमाने मधल्या कंपनीमार्फत काम करणाऱ्या इंजिनिअर, डिझायनर आणि ड्राफ्टर यांची नावं घेऊनच त्यांना स्वतंत्र व्यावसायिक मानण्याची करसवलत काढून घेतली. मायक्रोसॉफ्टने ज्यांना फ्रीलान्सर म्हणून वर्षानुवर्षं ठेवलं त्यांच्या खटल्यात कंपनीने २००० मध्ये ९.७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडे 'प्रोफेशनल फी'वर काम करणाऱ्या तरुणाने एवढं तरी पाहावं की पीएफ, रजा आणि ग्रॅच्युइटी नसताना त्याला मिळणारा दर पगाराच्या दुप्पट आहे का. बहुतेकदा तो पगाराएवढाच असतो. दोन्हीकडचं वाईट त्याच्या वाट्याला येतं.

एक तोटा कोणत्याच हिशेबात येत नाही, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. मोल्ड तयार झाला की तो मशीनवर चढवून पहिली ट्रायल घेतात, तिला टी-वन म्हणतात. पार्ट कॅव्हिटीतच चिकटून बसतो, कडेला फ्लॅश येतो, एखादी रिब भरतच नाही, इजेक्टरच्या पांढऱ्या खुणा पडतात. कंपनीतला डिझायनर नको म्हणत का होईना, तिथे उभा असतो. टूलरूमचा फिटर सगळ्यांसमोर त्याला विचारतो, "इथे ड्राफ्ट किती दिलाय हो?" (ड्राफ्ट म्हणजे पार्ट सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) आणि तो एक प्रश्न त्याला वर्षभराच्या ट्रेनिंगपेक्षा जास्त शिकवतो. फ्रीलान्सर फाईल मेल करून मोकळा झालेला असतो. मोल्ड बिघडला तर त्याला शिव्या पोचतात, कारण पोचत नाही. चांगला चालला तर काहीच पोचत नाही. पाच वर्षांत पन्नास मोल्ड काढूनही एकाची ट्रायल न पाहिलेला माणूस तीच चूक पन्नास वेळा करू शकतो, आणि बाजार मात्र त्याला अनुभवी म्हणतो.

म्हणून काही जुने डिझायनर कोटेशनमध्ये एक जास्तीची ओळ टाकतात: पहिल्या ट्रायलची तारीख आधी कळवावी, डिझायनर हजर राहील, त्या दिवसाचं शुल्क नाही. ग्राहकाला आधी ती ओळ संशयास्पद वाटते. फुकट यायची याला काय हौस? पण ट्रायलच्या दिवशी टूलरूमचा मालक, मोल्डर आणि त्यांच्या ग्राहकाचा क्वालिटीवाला असे तिघेही मशीनपाशी असतात, आणि पुढच्या मोल्डचं काम कोणाला द्यायचं हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.